आठवण कोणी ठेवायची? न्यूरोडायव्हर्जंट मुलं मोठी होताना काय, कधी आणि कसं सोपवायचं

माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं त्याला जड जातं. १७ वर्षांचा झाल्यापासून तो त्याची सकाळची गोळी स्वतः घेत होता. मी येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायचे, "औषधाचं आता तोच बघतो." तो १९ चा असताना मला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. परत येऊन पाकीट बघितलं, तर चारही गोळ्या जागच्या जागी. लबाडी नव्हती. आपण विसरलो हेसुद्धा त्याला माझा चेहरा बघून कळलं. दोन दिवसांनी मला उलगडा झाला. रोज सकाळी मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायचे, त्याचा 'टक्' असा आवाज झाला की तो उठून गोळी घ्यायचा. मी गेले तसा ग्लास गेला आणि ग्लासाबरोबर गोळीही. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे फक्त गोळी गिळायचं काम दिलं होतं. तिची आठवण ठेवायचं काम माझ्याकडेच राहिलं होतं.

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या ताळमेळातली अडचण) अशी मेंदूची वेगळी जडणघडण असलेल्या, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट मुलांना वाढवता वाढवता आपण नकळत त्यांच्या डोक्याचा एक कोपरा होऊन बसतो. वेळेचं भान, कामाचा क्रम, पुढे काय येतंय याची चाहूल, सगळं आपल्याकडे. बाहेरून मूल स्वावलंबी दिसतं आणि आपण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावरही त्याच्या उद्याची उजळणी करत असतो. हे ओझं एका वाढदिवसाला उतरत नाही. ते तुकड्या-तुकड्याने कसं सोपवायचं, ते इथे लिहितेय. (मी 'मुलगा' म्हणून लिहिणार, कारण माझ्या घरात तो आहे. मुलींचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं, त्यामुळे त्यांच्या पालकांना तयारीला वेळ कमी मिळतो. पायऱ्या त्याच.)

आधी आठवडाभर वही

सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा आणि मुलासाठी जे जे करता ते टिपा. हातांनी केलेलं सगळेच लिहितात. तुम्ही बोललेलं, नजरेने ताडलेलं आणि मनात धरून ठेवलेलंही लिहायचं. 'आंघोळीला जा' तीनदा म्हटलं. निघताना त्याच्या खिशाकडे बघून किल्ली घेतली का ते ताडलं. तो फोनवर अडखळला तेव्हा शेजारून उत्तर पुरवलं. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस आधीपासून त्याच्या कानावर घालत राहिले. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या हातांनी केलेल्या जेमतेम ९.

आठवड्याच्या शेवटी वही घेऊन बसा. कुठलंही काम घेतलं तरी त्याचे चार तुकडे पडतात: आठवण होणं, सुरुवात करणं, प्रत्यक्ष करणं आणि बिघडलं तर सावरणं. प्रत्येक नोंदीपुढे यातला कोणता तुकडा तुम्ही उचलता ते लिहा. बहुतेक घरांत चित्र सारखंच निघतं. प्रत्यक्ष करणं मुलाला केव्हाचं येतं, उरलेले तीन तुकडे आई-बाप वाहतात. 'त्याला सगळं येतं हो, पण करत नाही' ही आपली कायमची तक्रार. तिचं उत्तर या वहीत सापडतं.

कॅलेंडरचं वय बाजूला ठेवा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूची चित्रं ताडून बघितली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल पातळीला पोचण्याचं मधलं वय एडीएचडी नसलेल्यांत साधारण साडेसात निघालं आणि असलेल्यांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, पण सुमारे ३ वर्षांचा उशीर, आणि सर्वांत जास्त उशीर लक्ष आणि नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागात. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली पालकांना एक ढोबळ हिशेब सांगतात. स्वतःला आवरण्या-सावरण्याच्या बाबतीत वयातून ३० टक्के वजा करा. म्हणजे १८ वर्षांच्या मुलाकडून साधारण १२-१३ वर्षांच्या मुलाएवढ्या नियोजनाची अपेक्षा धरा. हा मोजून काढलेला आकडा नाही, आणि बुद्धीशी तर त्याचा काहीच संबंध नाही. पण रागावण्याआधी तो आठवला की माझा आवाज खाली येतो.

शिवाय आपल्या मुलांचं वय सगळीकडे सारखं नसतं. संगणकासमोर तिशीचा, रांगेत उभं राहताना सात वर्षांचा. म्हणून 'तो तयार आहे का?' हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. प्रत्येक कामापुढे तो नव्याने विचारावा लागतो.

पहिलं काम निवडताना

एका वेळी एकच काम. परीक्षा, घर बदलणं, आजारपण असल्या धामधुमीत तर एकही नको. पहिलं काम असं हवं, की चुकलं तर त्याचा चटका मुलाला लागेल, पण तो सोसण्याजोगा असेल. मोबाईलचं रिचार्ज, कपडे धुणं, केस कापायची वेळ घेणं ही चांगली कामं. फिट्सचं औषध किंवा इन्सुलिन हे पहिलं काम मुळीच नाही. तिथे चुकून शिकायची मुभा नसते, तेव्हा कितीही काळ दुहेरी नजर ठेवा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

निवड त्याने करावी. मला वाटलं होतं मुलगा रिचार्ज म्हणेल. तो म्हणाला, "माझ्या खोलीत कोण कधी येणार ते मी ठरवणार." मी जरा दुखावले, पण सुरुवात तिथूनच केली. त्याने दाराला एक पाटी लावली, मी टकटक करून थांबायला शिकले. हे काम त्याला सोपं गेलं. माझी मात्र परीक्षा होती.

एक काम जवळून: गोळ्या संपण्याआधी नव्या आणणं

ऐकायला एकच काम. कागदावर मांडलं तेव्हा आठ निघाली. गोळ्या संपत आल्यात हे लक्षात येणं. डॉक्टरांची चिठ्ठी अजून चालेल का ते बघणं. चालत नसेल तर त्यांची वेळ घेणं. चिठ्ठी आणि पैसे घेऊन निघणं. मेडिकलमध्ये बोलणं. मिळालेल्या गोळीचं नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडणं. घरी येऊन आठवड्याच्या डबीत भरणं. पुढच्या खेपेची तारीख लिहून ठेवणं.

आपण सहसा पहिल्या पायरीपासून शिकवतो, आणि मूल तिसऱ्या पायरीवर दमून बसतं. काम पुरं केल्याचा आनंद काही त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून शेवटून सुरुवात करा. थेरपिस्ट याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. पहिल्या महिन्यात सात पायऱ्या मी केल्या आणि तारीख लिहायचं शेवटचं काम त्याने केलं. दुसऱ्या महिन्यात डबी भरणं आणि तारीख. तिसऱ्या महिन्यात मेडिकलच्या काउंटरवर मी शेजारी उभी होते, गोळीचं नाव त्याने ताडलं. चौथ्या महिन्यात मी दुकानाबाहेर थांबले. आत काय बोलायचं ते त्याने मोबाईलमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं आणि सरळ तो मजकूरच दुकानदाराला दाखवला. दुकानदाराला काही फरक पडला नाही. तोंडाने बोललंच पाहिजे हा हट्ट माझा होता, त्या कामाची ती गरजच नव्हती.

मदत काढून घेतानाही क्रम सांभाळा. हात धरून करणं, करून दाखवणं, बोट दाखवणं, बोलून सांगणं, काहीच न करणं असा उतरता क्रम पुस्तकी वाटतो, पण बोलून दिलेली आठवण सुटायला सगळ्यात अवघड. 'अरे, ती चिठ्ठी...' हे आपल्या तोंडून श्वासासारखं निघतं. जिथे जमेल तिथे बोलण्याच्या जागी वस्तू ठेवा. आम्ही शेवटच्या सात गोळ्यांना रबर लावतो आणि रबराखाली एक कार्ड: 'आज मेडिकल.' रबर हाताला लागलं की काम आठवतं. लक्षात येणं ही पहिली पायरी माझ्या डोक्यातून निघून त्या रबरात गेली.

अलार्मवर सगळी भिस्त ठेवू नका. तो वाजतो तेव्हा मूल बाथरूममध्ये असतं, किंवा खेळात इतकं बुडालेलं असतं की बंद करणारं बोट कोणाचं होतं हेही त्याला आठवत नाही. त्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक' ही जोडी पक्की बसते. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा जोडीबद्दल सविस्तर लिहिलं. नुसता 'मी करीन' हा निश्चय पुरत नाही, तो कुठल्या घटनेला बांधलाय हे ठरलं की तो पार पडायची शक्यता वाढते. ग्लासाचा आवाज तीच घटना होती, फक्त ती माझ्या हातात होती. मुलाने शोधलेली जोडी अशी: सॅक उचलली की गोळी. डबी त्याने सॅकच्या चेनला दोरीने बांधली. दिसायला भयंकर. मी हात लावला नाही.

बोलणं कमी, ठरलेल्या वेळी

आठवड्यातून एक ठरलेला दिवस, २० मिनिटं, समोर कागद. कामाबद्दल, पैशाबद्दल, राहिलेल्या फॉर्मबद्दल काय बोलायचं ते तेव्हाच. इतर वेळी जिभेवर आलं तर वहीत लिहून ठेवा. पहिले तीन आठवडे तुम्हालाच घुसमटल्यासारखं होईल. पण दिवसभर टोचणी नसली की मूल त्या २० मिनिटांना घाबरत नाही.

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. ज्या मुलांना ऐकलेलं पचवायला वेळ लागतो, त्यांना आपला दुसरा प्रश्न म्हणजे पहिल्या प्रश्नावर फेरलेलं पाणी. 'झालं का?' याऐवजी 'फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे' एवढं सांगून गप्प बसून बघा. माहिती त्याच्याकडे गेली, पुढचं पाऊल त्याचं.

डॉक्टर बदलताना

बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना अनेक मुलं मधल्या मध्ये गळतात. जुनी वेळ संपते आणि नवी कोणी घेतलेली नसते. १६-१७ पासूनच शोध सुरू करा, आणि जुन्या डॉक्टरांकडून आतापर्यंतच्या औषधांचा सारांश लिहून घ्या. कोणती दिली, किती मात्रेत, का बंद केली, हे सगळं.

शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका. मानसिक निदानांसाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेनुसार एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात. १७ पासून पुढे किमान पाच लक्षणं पुरतात, लहान मुलांत सहा लागतात. 'हुशार आहे पण जागेवर बसत नाही' हा तिसरीतल्या बाईंचा शेरा २२ व्या वर्षी पुरावा ठरू शकतो.

डॉक्टरांच्या खोलीत पहिली पाच मिनिटं मुलाची. आपण भिंतीकडे बघायचं. नंतरची काही मिनिटं त्याला एकट्याला द्यायची, कारण काही गोष्टी तो आपल्यासमोर कधीच बोलणार नाही. ऑटिझम असलेल्यांत फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि त्या किशोरवयातही सुरू होऊ शकतात. मध्येच शून्यात नजर, हाक ऐकू न जाणं असं वारंवार होत असेल तर 'त्याच्याच तंद्रीत असतो' म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य आणि जीव देण्याचे विचारही या मुलांत जास्त आढळतात. शंका आली तर थेट विचारा: "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

सही कोणाची

बहुतेक देशांत १८ व्या वाढदिवशी सहीचा हक्क आपल्याकडून मुलाकडे जातो. घाबरून पालकत्वाचे कागद करायला धावण्याआधी थांबा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं १२ वं कलम सांगतं, की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांसारखीच निर्णयक्षमता आहे आणि ती वापरायला लागेल तो आधार तिला मिळाला पाहिजे. म्हणजे आधी आधार द्यायचा, त्याच्या वतीने सही करणं फार पुढचं. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, आणि विचारताना 'सगळे हक्क' असा प्रश्न करू नका. बँक, उपचार, मालमत्ता हे वेगवेगळे विचारा. घरात एका कागदावर तीन रकाने करून ठेवले तरी बराच गोंधळ मिटतो: मी एकटा ठरवतो, विचारून ठरवतो, आत्ता आई-बाबा ठरवतात. दर सहा महिन्यांनी एखादी गोष्ट तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात सरकली पाहिजे.

पैसे

महिन्याचे एकदम देऊ नका, आठवड्याचे द्या. महिना फार लांब असतो. वेगळं खातं, त्यात थोडीच रक्कम, आणि ती संपली तर मधेच भर नाही. एक पक्का नियम: फोनवर कोणी घाई करत असेल तर फोन ठेवायचा. खरं-खोटं ओळखायला शिकवणं अवघड आहे, घाई ओळखायला शिकवता येतं. आवेगाने खरेदी होत असेल तर वस्तू यादीत लिहून एक रात्र जाऊ द्यायची. आमच्याकडे यादीतल्या निम्म्या वस्तूंची सकाळी त्यालाच गंमत वाटते.

शरीर, मैत्री, प्रेम

हा विषय आपण टाळतो आणि मग मुलं भलतीकडून शिकतात. सूचक बोलणं यांच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा अवयवांची नावं घेऊन, साध्या वाक्यांत बोला. संमती म्हणजे काय, गप्प बसणं म्हणजे होकार नाही, आधी दिलेला होकार मागे घेता येतो, कोणता फोटो कोणालाही पाठवायचा नाही, हे सगळं. लहानपणापासून 'मोठ्यांचं ऐक', 'थेरपिस्ट सांगतील तसं कर' असं शिकवलेल्या मुलाला नकार द्यायची सवयच नसते. ती घरी लावावी लागते. म्हणजे त्याने आपल्यालाच 'नाही' म्हटलं तर ते ऐकावं लागतं, अगदी मिठी नको म्हणाला तरी.

कॉलेज आणि नोकरी

शाळेत सवलती पालक मागतात. पुढे विद्यार्थ्याने स्वतः मागाव्या लागतात. म्हणून 'मला काय लागतं' हे एक वाक्य घरी घोटून घ्या. निदान सांगायचं की नाही हा त्याचा निर्णय, गरज मात्र निदान न सांगताही सांगता येते: "सूचना लेखी मिळाल्या तर माझं काम चांगलं होतं." ऑटिझम असलेला माणूस इतरांना समजून घेण्यात कमी पडतो, असं सर्रास म्हटलं जातं. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मुलाखतीत नापास होऊन आलेल्या मुलाला हे कानावर पडायला हवं.

गाडी मागे येते तेव्हा

सहा महिने नीट चाललेलं सगळं एखाद्या पंधरवड्यात कोसळतं. आंघोळ बंद, बोलणं कमी, आवाज-उजेड सोसेनासे, येत असलेली कामंही जमेनाशी. दीर्घ काळ ताण ओढत नेल्यावरचा हा थकवा असू शकतो. इथे शिस्त कामाला येत नाही. मागण्या निम्म्यावर आणा, झोप आणि शांतता द्या, काढून घेतलेला आधार टोमणा न मारता परत द्या. हालचाली फारच मंदावल्या, एकाच स्थितीत तासन्‌तास राहू लागला किंवा खाणं-पिणं सुटलं, तर मात्र तातडीने डॉक्टर गाठा.

आयुष्यभर आधार लागणार असेल तर

सगळी मुलं एकटी राहणार नाहीत, आणि स्वावलंबन म्हणजे एकटं राहणंही नव्हे. जे मूल बोलत नाही त्याला चित्रांचं कार्ड किंवा टॅबलेट देऊन दोन शर्टांतला एक निवडू द्या. आंघोळ घालताना हात लावण्याआधी सांगा आणि थांबा. इथेही सोपवण्याचं सूत्र तेच, फक्त आपल्या डोक्यातलं दुसऱ्या माणसांच्या हाती जातं. 'आपल्यानंतर काय' या प्रश्नाने सगळेच पालक रात्री जागतात. दिवसा निदान दोन-चार पानं लिहून काढा: तो वेदना कशी दाखवतो, कशाने शांत होतो, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, 'नाही' कसं म्हणतो. भावंडांना आधी विचारा, गृहीत धरू नका. आणि तुम्ही धडधाकट असतानाच दुसऱ्या कोणाला तरी एक रात्र सांभाळू द्या. पानांतल्या चुका त्या रात्री कळतात.

शेवटी, निघून जा

सगळी घडी बसली असं वाटलं की दोन-चार दिवस घराबाहेर पडा. फोन कधी करायचा ते आधीच ठरवा, कोणीतरी जवळच्याला कल्पना द्या, धोक्याची औषधं असतील तर ती दुहेरी नजर चालू ठेवा. आल्यावर काय राहिलं ते मोजा, पण ओरडण्यासाठी नाही. जे राहिलं तो तुकडा अजून तुमच्याकडे आहे, एवढंच त्यातून कळतं.

पहिल्या फजितीनंतर दीड वर्षाने मी पुन्हा चार दिवस गेले, गुरुवार ते रविवार. रविवारी रात्री घरी आले. डबीचे तीन कप्पे रिकामे होते, एकात गोळी. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आज राहिली. रविवारी मी सॅक उचलतच नाही." मी तोंडावर हात ठेवून गप्प बसले. थोड्या वेळाने तो कात्री घेऊन आला, चेनची दोरी कापली आणि डबी मोबाईलच्या चार्जरला बांधून टाकली.